तिसऱ्या जावेचं दुखणं

मगदुमांच्या घरात जावा तीन. थोरली रत्नाक्का, धाकटी त्रिशला आणि तिसरी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी. हिला चार चाकं होती, पांढरा रंग होता आणि मागच्या फाळक्यावर ‘मामांची कृपा’ अशी लाल अक्षरं होती. सासऱ्यांनी ही डिझेल पिकअप २०२३ साली घेतली, तेव्हा त्रिशला नवी नवरी होती. आता २०४१ उजाडलं होतं, सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात या तिसऱ्या जावेनं एकदाही कुणाला रस्त्यात सोडलं नव्हतं. पहिल्या दोघींबद्दल असं छातीठोकपणे कुणी म्हटलं नसतं.

नांदणीच्या शिवारात मगदुमांची रोपवाटिका होती. ढबू मिरची, टोमॅटो, कलिंगड, झेंडू, जे म्हणाल त्याची रोपं. दोघे भाऊ रोपं वाढवण्यात पटाईत आणि गाडी चालवण्यात महाभित्रे, त्यामुळे ट्रे भरून शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायचं काम जावांकडे आलेलं. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरी. रत्नाक्का निघताना स्टिअरिंगला कुंकू लावायची आणि बोट शेडमधल्या कॅलेंडरच्या तारखेवर पुसायची. त्रिशला तसलं काही करत नसे, त्यामुळे तिच्या तारखा कोऱ्या राहत.

त्या पौषात गाडीचा तिसरा अहवाल वीस जानेवारीला यायचा होता; अकरा दिवस उरले होते. आधीचे दोन्ही लाल आले होते. तिसरा लाल आला की गाडीचा रस्त्यावरचा परवाना संपला आणि तिसरी जाऊ थेट भंगारात.

“मी लिहून देते अक्का, हे सगळं ठरवून चाललंय,” त्रिशला म्हणाली.

“कुणी ठरवलंय?”

“ज्यांना नव्या गाड्या खपवायच्यात त्यांनी.”

त्रिशलाचा स्वभावच तसा. दुधात पाणी नसलं तर आज का नाही, याचा तिला संशय यायचा. पण या वेळी तिचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीच्या सांगाड्याला आता एक पेटी चिकटवावी लागायची. तिचं सरकारी नाव कंपनमापक, पण गावोगावी तिला वैद्य म्हणत. चालतं यंत्र थरथरतं आणि त्याच्या प्रत्येक भागाची थरथर वेगळी असते, एवढ्या साध्या गोष्टीवर ती पेटी उभी होती. इंजिनाची थरथर जलद, चाकांची संथ, सैल झालेल्या नटाची आणखी तिसरीच. पेटी हे सगळं लोखंडातून ऐकायची, लाखो गाड्यांच्या नोंदींशी ताडून पाहायची आणि माणसाच्या कानाला कळायच्या कितीतरी आधी सांगायची की अमुक भाग आता फार दिवसांचा सोबती नाही. महिन्याला एक अहवाल, हिरवा, पिवळा किंवा लाल. मगदुमांच्या अहवालात लाल रंगाखाली एकच ओळ होती, ‘स्टिअरिंग व क्लच : अनियमित कंप. गाडी निवृत्त करावी.’

ही पेटी ज्या उद्योगसमूहानं बनवली होती, तोच विजेवरच्या नव्या पिकअपही विकत होता. त्रिशलाचा संशय नेमका इथं घर करून बसला होता.

पेटी बसवली त्या दिवशी एक गोष्ट घडली होती, ती कुणाच्या लक्षातही राहिली नाही. पेटीला चालकाचं कार्ड लागायचं, आणि प्रत्येक कार्डाची ओळख पटवायला गाडी पंधरा दिवस तपासणी केंद्राच्या फेऱ्या मारणार. ऐन हंगाम होता. रत्नाक्काचं कार्ड झालं आणि ती म्हणाली, “दुसरं कशाला? घर एक, गाडी एक.” त्या घरात छत्री एक होती, वाचायचा चष्मा एक होता आणि दोघी तो आलटूनपालटून लावायच्या. तसं कार्डही एकच राहिलं. ते आरशाला लटकवलेलं असायचं आणि गाडी कुणीही चालवो, पेटीच्या लेखी ती रत्नाबाई आदिनाथ मगदूमच चालवायची.

दुसरा लाल अहवाल आला त्याच्या तिसऱ्याच दिवशी सोहम नावाचा विक्रेता नवी पिकअप घेऊन दारात हजर झाला. गाडी देखणी होती यात वाद नाही. आवाज नाही, धूर नाही, रोपांना गार हवा देणारा हौदा.

“आणि किल्लीच नाही, काकू,” सोहम म्हणाला. “स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायचे. गाडी हात ओळखते. झोप, चक्कर, काहीही असलं तरी तिला हातावरनं कळतं. ठेवून बघा.”

त्रिशला पुढं झाली तोच रत्नाक्कानं कोकोपीटनं भरलेला ट्रे तिच्या हातात दिला.

“आमचे दोघींचे हात मळलेत,” ती सोहमला म्हणाली. “आणि आमाला ही गाडी नको.”

“बघायला काय जातंय, अक्का?”

“नको म्हटलं न्हवं.”

सोहम माहितीपत्रक ठेवून गेला. त्रिशला मात्र विचारात पडली. तिलाही जुनीच गाडी हवी होती, पण अक्काला ती इतकी का हवी होती? हात धुवायला नळ चार पावलांवर होता. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत अक्काचं वागणंच बदललं होतं. ढबूचं बी ट्रेच्या एकेका खळग्यात टाकायचं काम वर्षानुवर्षं त्रिशलाचं. दिवाळीनंतर अक्कानं ते स्वतःकडे घेतलं. “तू पाण्याचं बघ, बी मी बघते.” आंबा घाट उतरून कोकणात जायची मोठी ऑर्डर आली की ती कशी कोण जाणे, अक्काच्याच दिवशी पडायची. त्रिशला गाडी घेऊन गेली की अक्का गिऱ्हाइकाला फोन करायची, पोचली का म्हणून. आणि चहा! आधी कप काठोकाठ भरून यायचा. आता अर्धाच. विचारलं तर म्हणायची, “आणि देते की नंतर.”

बी काढून घेतलं, मोठी गिऱ्हाइकं काढून घेतली, वर पाळत ठेवली आणि चहाही निम्मा केला. अक्काला वेगळं निघायचंय, असा अर्थ त्रिशलानं काढला. नवं काही घेतलं की ते दोघींच्या नावावर होणार. जुनी गाडी थोरल्या भावाच्या, म्हणजे अक्काच्या नवऱ्याच्या नावावर होती. म्हणून हात मळलेत.

तिला वाईटही वाटलं. अठरा वर्षांपूर्वी याच अक्कानं तिला या गाडीत बसवून माळावर क्लच सोडायला शिकवलं होतं. गाडी आचके देऊन बंद पडायची आणि दोघी हसून हसून डोळे पुसायच्या.

तिसऱ्या अहवालाला दहा दिवस उरले, त्या दिवशी गाडी त्रिशलाकडे होती. सकाळी ट्रे पोचवून ती परस्पर जयसिंगपूरला दस्तगीर मिस्त्रीकडे गेली. या गाडीचं बॉनेट आजवर दुसऱ्या कुणी उघडलं नव्हतं. दस्तगीरनं स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले, क्लच काढला, इंजिन चालू करून त्यावर हात ठेवून डोळे मिटले.

“वैनी, ही गाडी माझ्याआधी मरत न्हाई,” तो म्हणाला.

“मग पेटी काय म्हणती?”

“पेटीला इचारा.”

पण त्रिशलाचा दस्तगीरवरही पुरता विश्वास नव्हता. जुन्या गाड्या गेल्या तर त्याचं दुकान गेलं, तो गाडी वाईट कशी म्हणेल? तिनं तांब्याभर पाणी घेतलं, काठाखाली दोन बोटं, आणि चालकाच्या पायाजवळ गोणपाटाच्या खोबणीत ठेवलं. दस्तगीरला गाडी चालवायला सांगून ती शेजारी बसली, नजर तांब्यावर. गावाबाहेर पाच किलोमीटर जाऊन ते परत आले. गोणपाट कोरडं होतं.

म्हणजे गाडी ठणठणीत होती आणि पेटी खोटी होती. त्रिशला मोठ्या समाधानानं घरी निघाली. तांब्या तसाच राहिला होता. घरी येऊन उतरली तेव्हा गोणपाट भिजलं होतं आणि तिची सलवारही घोट्यापर्यंत ओली झाली होती. नांदणीचा रस्ताच मेला तसला, असं म्हणत तिनं उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

“कुठं गेलतीस?” अक्कानं विचारलं. तिची नजर ओल्या सलवारीवर होती.

“मिस्त्रीकडं. गाडीत काय बी दोष न्हाई.”

“मला ठाऊक हाय,” अक्का म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

ठाऊक आहे तर बोलत का नाही? त्रिशला त्या वाक्यावर दोन दिवस घुटमळत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं एसटी धरली आणि कोल्हापूरचं तपासणी केंद्र गाठलं.

भांडायची सगळी तयारी करून ती गेली होती. पण समोर बसलेली अन्विता कांबळे नावाची अभियंता भांडायला काही उपयोगाची निघाली नाही. तिनं निमूटपणे ऐकून घेतलं, दोन महिन्यांच्या नोंदी पडद्यावर आणल्या आणि त्या पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

“काय झालं?” त्रिशलानं विचारलं.

“महिन्याचा अहवाल सरासरी काढतो, म्हणून हे कुणी पाहिलंच नाही,” अन्विता म्हणाली. “मावशी, तुमची गाडी दिवसाआड आजारी पडते.”

पडद्यावर तारखा होत्या. एक हिरवी, एक लाल, मग हिरवी, मग लाल. मध्ये कधी दोन हिरव्या सलग, पण क्रम ढळत नव्हता.

“लोखंड दिवसाआड झिजत नाही,” अन्विता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिनं समजावून सांगितलं. पेटीला गाडीची थरथर हवी असते, पण तिच्यात चालकाच्या हातापायांची सवयही मिसळलेली असते. कुणी क्लच हळू सोडतो, कुणी स्टिअरिंग सारखं चाळवतो. म्हणून पेटी आधी कार्डवरच्या माणसाची सवय शिकते आणि ती वजा करते. उरलं ते गाडीचं. “आता लाल दिवशी काय उरतंय बघा. स्टिअरिंगमध्ये सेकंदाला पाच बारीक हेलकावे. इंजिन याहून कितीतरी जलद थरथरतं आणि रस्त्याचे हादरे असे तालात येत नाहीत. शिवाय क्लच सोडून गाडी उचलण्यात थोडासा उशीर, आणि तो दर आठवड्याला वाढतोय. गाडी एकच माणूस चालवतो ना?”

त्रिशला खुर्चीत पुढं सरकली. “का?”

“दोघं चालवत असतील आणि कार्ड एकच असेल, तर दुसऱ्या माणसाचं सगळं दुखणं पेटी गाडीच्या नावावर टाकते. असा ताल हाताचा असतो. कंपवाताची सुरुवात असू शकते. खात्री डॉक्टरच देतील.”

त्रिशलाला सगळं लख्ख दिसलं. अक्का! हात ओळखणाऱ्या स्टिअरिंगला म्हणून ती शिवली नाही. चहा अर्धा, कारण पुरा कप तिच्या हातून सांडतो. गाडीत दोष नाही हे तिला ठाऊक होतं, कारण दोष कुणात आहे हे तिला ठाऊक होतं. बी टाकायचं नाजूक काम मात्र तिनं मुद्दाम अंगावर का घेतलं, एवढंच कोडं सुटत नव्हतं. पण बाकी सगळं इतकं चपखल बसलं की तेवढ्यासाठी थांबायची त्रिशलाला गरज वाटली नाही. या बाईनं स्वतःचं दुखणं लपवलं आणि बिचाऱ्या गाडीला भंगारात जाऊ दिलं, याचा तिला संताप आला.

“दोन कार्डं केली तर?” तिनं विचारलं.

“तर गाडी वाचेल. आम्ही जुन्या नोंदी दोघांत वाटून देऊ. दोघांनी एकेकदा गाडी चालवली की कोणाचे दिवस कोणते ते पेटी ओळखेल. पण ज्याचे दिवस लाल, त्याचा परवाना तपासणीपर्यंत थांबतो. आता हा आजार लवकर सापडला तर गोळ्यांवर माणूस वर्षानुवर्षं चांगलं काम करतो. गाडी चालवणं मात्र बहुधा सुटतं.”

अक्काचं गाडी चालवणं सोडवायचं. त्रिशला त्या अर्जाकडे बराच वेळ बघत राहिली. घरी जाऊन आधी अक्काला विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं तर ती कबूल होणार नाही, उलट काहीतरी डाव करील. शिवाय यात तिचंच भलं होतं. उद्या घाटात काही झालं तर? स्वतःला इतकं पटवून त्रिशलानं सही केली.

“जरा मोठी करता का?” अन्विता म्हणाली. “शेवटची अक्षरं वाचता येत नाहीत.”

त्रिशलानं पुन्हा केली. पुन्हा ‘त्रिशला’ बरं आलं, ‘मगदूम’पर्यंत अक्षरं मोहरीएवढी झाली.

“तुमच्या कागदावर जागाच न्हाई,” त्रिशला म्हणाली.

अन्वितानं चौकटीकडे पाहिलं. निम्मी चौकट रिकामी होती. तिनं त्रिशलाकडे क्षणभर पाहिलं, काहीतरी बोलावंसं तिला वाटलं असावं, पण तिनं तारखांचा कागद छापून हातात दिला.

त्रिशला घरी पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रत्नाक्का शेडनेटमध्ये होती. बरं झालं, असं म्हणत त्रिशला गाडीच्या शेडमध्ये गेली आणि कॅलेंडरशेजारी कागद धरला. पुरावा हातात असावा, म्हणजे अक्काला तोंड फिरवता येणार नाही. कागदावरची एक लाल तारीख तिनं धरली, चार डिसेंबर. नव्या कॅलेंडरमागं लटकणाऱ्या जुन्या कॅलेंडरवर ती चार तारीख कोरी होती.

चुकून राहिलं असेल. पुढची लाल सहा तारीख. तीही कोरी. पाचवर कुंकू होतं आणि कागदावर पाच हिरवी होती. आठ लाल, कोरी. नऊ आणि दहा हिरव्या, दोन्हीवर कुंकवाची बोटं. त्या वेळी आंबा घाटाची ऑर्डर होती आणि अक्का सलग दोन दिवस गेली होती. त्रिशलानं एकेक तारीख बोटानं पुढं नेली. कागदावर जिथं जिथं लाल होतं, तिथं तिथं कॅलेंडर कोरं होतं.

मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. कागद धरलेला उजवा हात तिनं स्थिर केला. कागदाचा खालचा कोपरा फडफडत होता. शेडमध्ये वारा नव्हता.

मागं चाहूल लागली. रत्नाक्का दोन कप घेऊन उभी होती, एक भरलेला आणि एक अर्धा. तिनं कागद पाहिला, कॅलेंडर पाहिलं आणि कप गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

“कवापासनं ठाऊक हाय तुमाला?” त्रिशलानं विचारलं.

“दसऱ्यापासनं. एकेका खळग्यात दोन-दोन बिया पडाय लागल्या तुझ्या. मग कप सांडाय लागला. तू म्हणायचीस, कपच गरम हाय.”

“मग बोलला का न्हाईसा?”

“काय बोलू? तू म्हटली असतीस, अक्काला गाडी एकटीला पायजे.” अक्का गाडीला टेकली. “घाट तेवढा तुझ्या वाटणीतनं काढला. बाकीच्या दिवशी तू पोचलीस असा फोन येईस्तवर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. भ्याले मी. चुकलंच माझं. गाडी गेली तर आपोआप सगळं थांबंल असंबी एकदा वाटलं.”

त्रिशला फुटबोर्डवर बसली. तिनं अठरा वर्षं ज्या बाईच्या प्रत्येक कपात काहीतरी मिसळलंय का ते पाहिलं होतं, ती बाई तीन महिने तिच्यासाठी कप अर्धा भरत होती. त्रिशलाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिनं आजवर सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त एका माणसाला सोडून.

“अक्का, मी तुमच्यावर सही करून आले,” ती म्हणाली. “मला वाटलं तुमचे हात. तुमचा परवाना थांबवायची सही केली मी.”

रत्नाक्कानं कागद घेऊन घडी घातली, पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली.

“बरं झालं,” शेवटी ती म्हणाली. “माझ्या हातनं ती सही झाली नसती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलानं अन्विताला फोन करून सांगितलं, लाल दिवस माझे. अन्वितानं डॉक्टरांचं नाव आणि गुरुवारची वेळ सांगितली.

तासाभरात गाडी भरली. कलिंगडाची रोपं होती, हेरले गावापर्यंत जायचं होतं. त्रिशला सवयीनं उजव्या दाराकडे गेली, तिथं थांबली आणि पुढून वळसा घालून डाव्या बाजूला चढली. तिसऱ्या जावेत ती त्या बाजूला शेवटची कधी बसली होती ते तिला आठवेना. रत्नाक्कानं स्टिअरिंगला कुंकू लावलं. बोट पुसायला ती कॅलेंडरकडे गेली तेवढ्यात फोन वाजला. सोहम होता.

“काकू, वीस तारीख जवळ आली,” तो म्हणाला. “गाडीचं काय ठरलं?”

“गाडी राहती,” त्रिशला म्हणाली. “ड्रायव्हर बदलला.”

रत्नाक्का थर्मास घेऊन आली आणि गाडीत बसली. निघण्याआधी घोटभर घेऊ म्हणत तिनं चहा ओतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून, की धाकटीला वाईट वाटू नये म्हणून, तिनं त्रिशलाचा कप काठोकाठ भरला. त्रिशलानं त्या कपाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून त्यातला निम्मा चहा सावकाश अक्काच्या कपात ओतला. थोडा सांडला.

“मला अर्धाच देत जावा,” ती म्हणाली.

अक्कानं मान हलवली, कप रिकामा केला आणि गाडी सुरू केली. गाडीनं आचका दिला नाही.